शब्द शेवटाकडून फोडा

मिरजेत विल्यम वानलेस यांचे मिशन हॉस्पिटल 1894 मध्ये उभे राहिले, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1962 मध्ये आले आणि 1984 मध्ये कराडला कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. सांगली-साताऱ्याच्या या पट्ट्यात दवाखान्यातली नोकरी म्हणजे घराला आधार. जत, आटपाडी, माण, खटावच्या मराठी शाळांतून अनेक मुली नर्सिंगला येतात. बारावीला कला शाखा घेतलेल्याही त्यांत असतात. वॉर्डात पाऊल ठेवताच केसपेपरवर ‘हायड्रोनेफ्रोसिस’, ‘थ्रोम्बोसायटोपेनिया’ असे शब्द समोर येतात आणि मुली ते अख्खेच्या अख्खे पाठ करू लागतात. पाठांतरावर परीक्षा निघते, पण नवा शब्द आला की गाडी पुन्हा अडते. वास्तविक ज्या मराठी व्याकरणावर त्यांनी दहावीला गुण मिळवले, त्याच व्याकरणाने हे शब्द सुटतात. ही कृती त्यांच्यासाठी आहे.

तयारी. एक दोनशेपानी वही घ्या. प्रत्येक पानावर तीन उभे रकाने आखा: सुरुवात, मधला भाग, शेवट. रोज वॉर्डातून पाच-सहा शब्द उतरवून आणा. फक्त शब्द आणायचे. रुग्णाचे नाव, खाट क्रमांक किंवा केसपेपरचा फोटो वहीत किंवा मोबाइलमध्ये येता कामा नये. शब्द इंग्रजी स्पेलिंगसह लिहा, शेजारी देवनागरीत उच्चार लिहा. दोन्ही का लागतात ते पुढे कळेल.

पहिली पायरी: शेवट पकडा. तत्पुरुष समास आठवा. ‘राजवाडा’ म्हणजे वाडा. कुणाचा, तर राजाचा. मुख्य पद शेवटी. वैद्यकीय शब्दही बहुधा असाच बांधलेला असतो, म्हणून शेवटापासून सुरुवात करायची. ‘आयटिस’ म्हणजे दाह. ‘अल्जिया’ म्हणजे दुखणे. ‘पेनिया’ म्हणजे कमतरता, ‘मेगाली’ म्हणजे आकार वाढणे, ‘इमिया’ आला की विषय रक्ताचा, ‘युरिया’ आला की लघवीचा. ‘लिथायसिस’ म्हणजे खडा होणे.

शस्त्रक्रियेचे तीन शेवट एकत्रच शिका, कारण ते कानाला सारखे लागतात. ‘ऑटॉमी’ म्हणजे छेद घेणे, ‘एक्टॉमी’ म्हणजे काढून टाकणे, ‘ऑस्टॉमी’ म्हणजे तोंड तयार करणे. लॅपरॉटॉमीत पोट उघडतात, ॲपेंडिसेक्टॉमीत ॲपेंडिक्स काढतात, कोलोस्टॉमीत मोठ्या आतड्याचे तोंड पोटावर आणतात. त्या रुग्णाला पिशवी लावायची असते, हे शब्दाच्या शेवटावरूनच कळले पाहिजे.

इथे दोन इशारे आहेत. ‘आयटिस’ दिसला म्हणजे जंतुसंसर्ग असेलच असे नाही; संधिवाताच्या आर्थ्रायटिसमध्ये दाह असतो, जंतू नसतात. आणि ‘ओमा’ म्हणजे गाठ असली तरी प्रत्येक ओमा कर्करोग नव्हे. लायपोमा ही चरबीची साधी गाठ, हिमॅटोमा म्हणजे साकळलेले रक्त, ग्लॉकोमात तर गाठ नसतेच. अर्धवट ज्ञानावर एखाद्या नातेवाइकाला ‘ओमा म्हणजे कॅन्सर’ असे सांगितले, तर त्या घराची रात्र झोपेविना जाईल.

दुसरी पायरी: मधला अवयव ओळखा. गॅस्ट्र जठर, एंटर आतडे, नेफ्र मूत्रपिंड, सिस्ट मूत्राशय, कोलेसिस्ट पित्ताशय, आर्थ्र सांधा, मायो स्नायू. दोन अवयव जोडताना मध्ये ‘ओ’ येतो आणि पुढे स्वराने सुरू होणारा शेवट आला की बहुधा गळतो: गॅस्ट्रायटिस, पण गॅस्ट्रोएंटरायटिस. संधी सोडवणाऱ्याला हे नवे नाही.

एका अवयवाला दोन-दोन नावे का, हा प्रश्न हमखास येतो. एक ग्रीक, एक लॅटिन, इतकेच. मूत्रपिंडाला नेफ्रो आणि रीनल, फुप्फुसाला न्यूमो आणि पल्मोनरी. वहीत ती एकाच ओळीत ठेवा.

तिसरी पायरी: सुरुवात बघा. या पायरीवर मराठी मुलीने जास्तीत जास्त वेळ द्यावा, कारण इथली बरीच मंडळी तिच्या ओळखीची निघतात. ग्रीक आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या.

नकाराचा ‘अ’ घ्या. मराठीत व्यंजनापुढे अ आणि स्वरापुढे अन्: अशक्य, पण अनावश्यक. ग्रीकमध्ये नियम हाच. एप्निया म्हणजे श्वास थांबणे, अन्युरिया म्हणजे लघवी न बनणे. ‘पेरी’ म्हणजे आपला ‘परि’, भोवताली: परिसर, परिक्रमा, तसे हृदयाभोवतीचे आवरण पेरिकार्डियम. ‘डिस’ म्हणजे ‘दुस्’. माण-खटावच्या मुलीला दुष्काळ समजावून सांगावा लागत नाही. वाईट काळ तो दुष्काळ, तसा कष्टाचा श्वास तो डिस्प्निया, लघवीला त्रास तो डिसयुरिया आणि आतड्याचा बिघाड ती डिसेंट्री. ‘ट्राय’ म्हणजे त्रि, ‘पेंटा’ म्हणजे पंच. अवयवांतही नातेवाईक आहेत: ऑस्टिओ आणि अस्थि, ओडाँट आणि दंत, कार्डिओ आणि हृदय.

‘हायपो’ हा आपला ‘उप’, खालचा. उपमुख्यमंत्री हा मुख्यमंत्र्याच्या खाली. ‘हायपर’ हा ‘उपरि’, वरचा. उपर्युक्त म्हणजे वर सांगितलेले.

टाकी म्हणजे वेगवान, ब्रॅडी म्हणजे मंद. यांना घरचा आधार नाही, पाठच करा.

चौथी पायरी: घातक जोड्या. वहीची शेवटची काही पाने यांच्यासाठी राखून ठेवा. हायपर आणि हायपो फोनवर, गडबडीत, मास्कमधून सारखेच ऐकू येतात. रक्तातल्या साखरेचेच घ्या: हायपोच्या रुग्णाला तातडीने साखर द्यायची असते, हायपरच्या रुग्णाला कदाचित इन्सुलिन. उलट झाले तर जीव जाऊ शकतो. म्हणून ‘हायपो झालाय’ असे कधीही बोलू नका. ‘साखर कमी झाली, 54 आहे’ असा आकडा सांगा आणि समोरच्याकडून तो परत वदवून घ्या. डेसिलिटरमागे 70 मिलिग्रॅमच्या खाली साखर गेली की ती कमी समजतात.

‘अँटे’ म्हणजे आधी आणि ‘अँटी’ म्हणजे विरुद्ध. आपल्याकडे तोंडी ‘अँटीनेटल’ म्हणायची सवय आहे, त्यामुळे प्रसूतिपूर्व तपासणी आणि अँटिबायोटिक यांचे पूर्वपद एकच वाटते. इथे स्पेलिंगच तारते. लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि कमरेचे हाड ही दोन्ही देवनागरीत ‘इलिअम’; इंग्रजीत आतड्याच्या मध्ये ‘ई’ आहे, हाडाच्या मध्ये ‘आय’. सिस्टो म्हणजे मूत्राशय, सायटो म्हणजे पेशी. मायो स्नायू, मायलो अस्थिमज्जा किंवा मज्जारज्जू.

पाचवी पायरी: पडताळा. फोड केलेला अर्थ हा अंदाज असतो. ॲनिमियाची फोड ‘रक्त नाही’ अशी होते, प्रत्यक्षात रक्तातले हिमोग्लोबिन कमी असते. मलेरियाची फोड करून काही हाती लागत नाही. म्हणून प्रत्येक शब्द पाठ्यपुस्तकात बघा आणि मराठी समजुतीसाठी मराठी विश्वकोश उघडा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत बसून ज्याचे संपादन केले, तो हा आपल्याच पट्ट्यातला ग्रंथ आता इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो. त्यात दाहासाठी ‘शोथ’ शब्द भेटेल. तो वॉर्डात वापरायचा नाही, पण संकल्पना पक्की करायला त्याच्याइतकी मदत दुसरीकडे मिळत नाही.

सहावी पायरी: वाक्य करा. फोडलेला शब्द जतच्या आजीला कळेल अशा वाक्यात लिहा. निदान सांगणे डॉक्टरांचे काम. ते सांगून गेल्यावर ‘सिस्टर, म्हणजे काय झालं?’ असे तुम्हालाच विचारतात. वरिष्ठ सिस्टरांना विचारून, डॉक्टरांनी सांगितले तेवढेच साध्या शब्दांत सांगायचे. सरावाला ही तीन वाक्ये घ्या. हायड्रोनेफ्रोसिस, म्हणजे पाणी, मूत्रपिंड, स्थिती: ‘आजी, लघवी पुढं सरकत नाही, त्यामुळं किडनी फुगलीय.’ कोलेलिथायसिस: ‘पित्ताच्या पिशवीत खडे झालेत.’ डेंग्यूच्या दिवसांत थ्रोम्बोसायटोपेनिया, म्हणजे गुठळी, पेशी, कमतरता: ‘रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी झाल्यात, म्हणून रोज रक्त तपासतोय. हिरड्यांतून रक्त आलं किंवा शौचाला काळी झाली, तर लगेच मला हाक मारा.’