पेढ्यांचा खोका आणि दोन मिलिमीटरचा पत्रा

दहावीचा निकाल लागला की माझा फोन सकाळी सातला सुरू होतो. कोरेगाव, वडूज, तासगाव, विटा. गावं बदलतात, प्रश्न तोच. "सर, मेकॅनिकलला आता स्कोप नाही ना?" यात विचारण्यासारखं काही असेल तर तो शेवटचा 'ना'. बाकी सगळं आधीच ठरलेलं असतं. पोरगं पुण्याला जाणार, कॉम्प्युटर घेणार, शाखेच्या नावात एआय असेल तर दुधात साखर. माझा फक्त शिक्का हवा असतो.

तो मी देत नाही. ज्याला प्रोग्रामिंगची खरीच खोड आहे त्याने खुशाल जावं. पण ज्याने आजवर कोडची एक ओळ लिहिलेली नाही, त्याच्यासाठी रान गहाण टाकून मिळेल त्या कॉलेजात सीट घेणं याला करिअर नियोजन म्हणत नाहीत. ती घबराट आहे. शेजारच्याने घेतली म्हणून आपण घेतली, एवढाच तिचा आधार.

गेल्या जूनमध्ये साताऱ्यातले एक वडील मुलाला घेऊन आले. सोबत कंदी पेढे. मुलाला बहात्तर टक्के, वडिलांचा चेहरा मात्र नापासाचा. पाऊण तास तेच बोलत होते. तेवढ्यात पेढे वाटून झाले आणि पोराने रिकामा खोका हळूच उलगडून टेबलावर सपाट पसरला. घड्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "सर, कोपऱ्यात ही चीर कशाला दिलीय?"

"सर काय सांगतायत तिकडं लक्ष दे," वडील खेकसले. मी त्यांनाच गप्प बसवलं. त्या पाऊण तासातला एकमेव कामाचा प्रश्न पोराने विचारला होता.

पत्र्याच्या कामात त्या चिरेला रिलीफ म्हणतात. दोन बेंड जिथे भेटतात तिथे ती नसेल, तर पत्रा कोपऱ्यात फाटतो किंवा फुगतो. जनरेटरची कॅनॉपी, इलेक्ट्रिक पॅनेल, फ्रीजची बॉडी हे सगळं आधी सपाट कापलं जातं आणि मग वाकवलं जातं. तो सपाट आकार नेमका काढणं हेच शीट मेटल डिझायनरचं काम. शिरवळपासून मिरज-कुपवाडपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात हे काम रोज चालतं आणि आपल्या पालकांना त्याचं नावही ठाऊक नसतं.

पुठ्ठा आणि पत्रा यांत फरक एवढाच, की पत्रा वाकताना ताणला जातो. बाहेरची बाजू ताणते, आतली दबते, आणि मध्ये कुठेतरी एक थर जसाच्या तसा राहतो. तो थर जाडीच्या कितव्या हिश्श्यावर आहे ते सांगणारा आकडा म्हणजे के-फॅक्टर. दोन मिलिमीटरचा पत्रा, आतली त्रिज्या दोन, नव्वद अंशांचा बेंड. के-फॅक्टर 0.44 धरला तर बेंडमध्ये 4.52 मिलिमीटर पत्रा जातो, 0.33 धरला तर 4.18. फरक दिसायला किरकोळ. पण चार बेंडच्या जॉबमध्ये तो सव्वा मिलिमीटरच्या पुढे जातो, भोकाला भोक जुळत नाही आणि लेझरवर कापलेला अख्खा लॉट भंगारात जातो.

म्हणून 'तीन महिन्यांत पाच सॉफ्टवेअर' असा बोर्ड दिसला की माझं डोकं फिरतं. सॉलिडवर्क्स असो, इन्व्हेंटर असो की क्रिओ, बटणं महिन्याभरात येतात. पण सॉफ्टवेअर आपण दिलेला आकडा मुकाट घेतं. खोक्याची चौथी बाजू स्क्रीनवर छान वळते. मशीनवर तीच बाजू वळवताना आधीची बाजू वर येऊन पंचाला धडकते. हे सर्टिफिकेटवर लिहिलेलं नसतं, ऑपरेटरच्या तोंडात असतं, आणि तेही जरा शिव्यांसकट.

खरा कस लागतो तो चौकोनातून गोलात जाणाऱ्या तुकड्यावर. सांगली भागातल्या कुठल्याही साखर कारखान्यात मान वर करून पाहा. चौकोनी डक्ट गोल पाइपला मिळतो, हॉपर खाली निमुळता होतो. जुने फॅब्रिकेटर याचं डेव्हलपमेंट, म्हणजे उलगडलेला सपाट आकार, जमिनीवर खडूने काढत, पृष्ठभागाचे त्रिकोण पाडून आणि प्रत्येक रेघेची खरी लांबी मोजून. आज सॉलिडवर्क्समध्ये अशा तुकड्याला लॉफ्टेड बेंड म्हणतात. वर चौकोन, खाली वर्तुळ काढायचं, पण दोन्हींत फट ठेवायची. आकार पूर्ण बंद केला तर तो उलगडणार कुठून? नव्या पोरांचा अर्धा दिवस इथेच जातो. मग कोपऱ्याचा गोलावा किती टप्प्यांत वाकवायचा ते ठरवायचं. टप्पे कमी घेतले तर गोल ओबडधोबड, जास्त घेतले तर ऑपरेटर दिवसभर तेच करत बसणार. हा निर्णय ज्याला घेता येतो, त्याला वर्कशॉप सहजासहजी सोडत नाही.

रस्ते थोडक्यात सांगतो, कारण ते अवघड नाहीतच. दहावीनंतर तीन वर्षांचा मेकॅनिकल डिप्लोमा, मग हवं तर थेट दुसऱ्या वर्षाला डिग्री. सांगलीचं वालचंद 1947 पासून आहे, कराडचं शासकीय अभियांत्रिकी 1960 पासून. किंवा आयटीआयला दोन वर्षांचा ड्राफ्ट्समन मेकॅनिकल. मुलींनी तर हा ट्रेड जरूर बघावा. "पोरगी कारखान्यात?" असं विचारणाऱ्या बापांना मी एवढंच सांगतो, की 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर कारखाना थाटला तेव्हाही लोक वेड्यातच काढत होते.

खोटं बोलणार नाही. सुरुवातीचा पगार पाहुण्यांना सांगण्यासारखा नसतो. आवाज, तेल, शिफ्ट हे सगळं आहे. पण पालकांची अडचण पगारापेक्षा वेगळी असते. पोराच्या हाताला काळं लागलेलं त्यांना बघवत नाही. स्वतः आयुष्यभर चिखलात राबलेला माणूस हे बोलतो तेव्हा मला त्याचा राग येत नाही, पण ऐकूनही घेत नाही. पोराचं आयुष्य तुमच्या थकव्यावर उतारा म्हणून वापरायचं नसतं.

त्या बापलेकांना मी त्या दिवशी कुठलाच फॉर्म भरू दिला नाही. कामाला लावलं. ओळखीच्या वर्कशॉपमधून दोन मिलिमीटरच्या पत्र्याची बरोबर शंभर मिलिमीटरची पट्टी मागून घ्या, मध्यावर काटकोनात वाकवून घ्या, आणि दोन्ही बाजू बाहेरून व्हर्निअरने मोजून बेरीज करा. चार दिवसांनी पोरगा एकटाच आला. हातात पट्टी, खिशात कागद. "सर, एकशे साडेतीन भरतंय. पट्टी तर शंभरचीच होती."

"मग के-फॅक्टर काढ," म्हटलं आणि कॅल्क्युलेटर त्याच्याकडे सरकवला.