नेचा व विषारी जमीन

जमिनीत मुरलेला सोमल, म्हणजे आर्सेनिक, कुजून नाहीसा होत नाही. तो बाहेरच काढावा लागतो. अमेरिकेतील फ्लॉरिडा संस्थानात, लाकडास लावावयाच्या सोमलयुक्त औषधाने दूषित झालेल्या जागी ‘टेरिस व्हिटाटा’ नामक नेचा जोमाने वाढतो, असे लीना मा व त्यांचे सहकारी यांनी सन 2001 मध्ये प्रसिद्ध केले. (हा नेचा आपल्या सह्याद्रीतही उगवतो.) जमिनीतील सोमलाची घडण स्फुरदासारखी असल्यामुळे मुळे तो त्याच वाटेने आत घेतात व पानांत साठवितात. एका प्रयोगात वाळल्या पानांत तो शेकडा 2 हून अधिक भरला! तेव्हा खरे जपावयाचे ते कापणीनंतर. ही पाने गुरांस घालू नयेत, उकिरड्यात टाकू नयेत, चुलीत तर मुळीच जाळू नयेत; विषारी कचऱ्याच्या नेमलेल्या जागीच ती पोहोचवावीत. पुन्हा, एका हंगामात जमीन निवळत नाही. कित्येक वर्षे कापणी करावी लागते.