सहाव्या दिवसाचा मान्ना

(पाठ : निर्गम १६:१३–३०. सोबत वाचावें : निर्गम ५:६–१९, अनुवाद ५:१२–१५.)

शब्बाथाची आज्ञा सीनाय पर्वतावर मिळाली असें आपण मुलांस शिकवितों, आणि तें खरेंच आहे. परंतु तिचा पहिला धडा इस्राएल लोक पर्वताजवळ पोंचण्यापूर्वींच, सीनच्या रानांत, पोटाच्या प्रश्नावरून शिकले. मिसर देश सोडून त्यांस तेव्हां अवघा एक महिना झाला होता.

मिसरांत त्यांची काय गत होती तें पांचव्या अध्यायांत पाहावें. विटांसाठीं मिळणारें गवत बंद झालें. विटांची संख्या मात्र पूर्वींइतकीच राहिली. लोकांनीं देवाच्या उपासनेसाठीं सवड मागितली तेव्हां फारोनें त्यांस आळशी ठरविलें, आणि संख्या भरली नाहीं म्हणून त्यांच्या नायकांस मार बसला. अशा राबणुकींतून सुटलेल्या मनुष्याचे हात मोकळे झाले तरी मन लवकर मोकळें होत नाहीं. त्याला थांबण्याचीच भीति वाटते.

म्हणून देवानें आधीं अन्न दिलें. सकाळीं दंव सुकल्यावर धण्यासारखे पांढरे दाणे भुईवर दिसत. माणशीं १ ओमर, म्हणजे सुमारें २ लिटर मापाचे, वेचावयाचे. उद्यांच्या काळजीनें कोणी राखून ठेविले तर त्यांत किडे पडत. सहाव्या दिवशीं मात्र दुप्पट वेचिलेलें सातव्या दिवशीं नासलें नाहीं. तरीही कांहीं जण सातव्या दिवशीं वेचावयास गेलेच, आणि रिकाम्या हातांनीं परत आले. त्यांस लोभी म्हणण्याची घाई आपण करूं नये. न राबल्यास मार, एवढेंच त्यांस ठाऊक होतें. मान्ना ४० वर्षें मिळत राहिला, म्हणजे हा धडा सुमारें २,००० वेळां गिरवावा लागला.

अनुवादांत मोशे हीच आज्ञा पुन्हां सांगतांना मिसरांतील दास्याची आठवण देतो. म्हणून विसावा एकट्या मालकाचा नाहीं. दास, दासी, बैल, गाढव व वेशीच्या आंतील उपरा या सर्वांचा आहे. निर्गम ३४:२१ तर नांगरणीचे व कापणीचे दिवसही वगळीत नाहीं. सुगींत थांबणें सर्वांत महाग पडतें, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. ज्याच्या हातीं कामाचा वेग आहे त्याच्याशींच ही आज्ञा बोलत आहे.

आपल्या घरांतच पाहा. रविवारीं उपासना आटोपून पुरुष ओट्यावर बसतात आणि गृहिणी पाहुण्यांसाठीं चुलीपुढें. रानांत तर भाजणें व शिजविणेंही सहाव्या दिवशींच उरकीत असत (१६:२३).

याहून कठीण गोष्ट ऊसतोडीची. बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतून दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास कितीतरी कुटुंबें उचल घेऊन फडावर जातात. नवराबायको मिळून एक कोयता. खाडा झाला तर पैसे कापले जातात. गाडी रात्रीं आली तर रात्रींच मोळ्या भराव्या लागतात. अशा भगिनीस ती उपासनेस कां आली नाहीं असें विचारणें म्हणजे गवत न देतां विटा मागणें होय. विचारावयाचें तें मुकादमास. आपल्यापैकीं कोणी मुकादम किंवा बागाईतदार असेल तर त्यानें आठवड्यांतून एक दिवस खाड्यावांचून सोडावा. पाळकांनीं व पंचांनीं हें बोलणें उचल ठरतांनाच काढावें. एकदां कोयता उसाला लागला कीं तें ऐकावयास कोणालाच सवड नसते.