दाजींच्या गाडीची किल्ली

॥ श्री ॥

सातारा

चि. बाळ यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा पोचले. हरिपूरच्या संगमावर घाटाच्या पायऱ्या उतरताना दाजींच्या गाडीची किल्ली कृष्णेत पडली, की देवळातल्या गर्दीत कोठे गळून गेली, याचा निश्चय होत नाही. गाडी तेथेच ओळखीच्या एका गृहस्थांच्या आवारात उभी आहे. आणि कोणा मेकॅनिकने, ‘इमोबिलायझर बायपास करतो, दोन तासांत गाडी चालू,’ असे आश्वासन दिले आहे, एवढा मजकूर लिहून तू शेवटी माझा सल्ला मागितलास. सल्ला एका वाक्यात सांगायचा तर तो असा, की बायपास मुळीच करू नकोस. परंतु कारणे उमगल्याखेरीज निव्वळ आज्ञा पाळणे तुझ्या स्वभावात नाही, आणि ते मला आवडतेही; म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आमच्या तरुणपणी, म्हणजे फियाट आणि अँबॅसिडर यांच्या अमदानीत, गाडीची किल्ली हा केवळ दाते पाडलेला धातूचा तुकडा असे. तो हरवला तर चावीवाला दुसरा घासून देई, आणि तोही न भेटला तर एखादा धीट ड्रायव्हर डॅशबोर्डाखालच्या दोन तारा जोडून गाडी ‘डायरेक्ट’ करी. जी सोय आपल्याला ती चोरालाही, हे उघडच होते. या दुखण्यावर पहिला लक्षणीय उपाय अमेरिकेत जनरल मोटर्सने 1986 सालच्या कॉर्व्हेट गाडीत योजला. किल्लीच्या पात्यातच त्यांनी विद्युत्‌रोधाची एक बारीक गोळी बसवली आणि तिच्या मोजून पंधरा जाती ठेवल्या. किल्लीचे दाते जुळले तरी गोळीची जात जुळल्यावाचून इंजिन सुरू होत नसे. पंधराच जाती म्हटल्यावर चिकाटीच्या चोराला ते कोडे फार काळ अडवणे शक्य नव्हते. पुढे युरोपात मोटारचोऱ्या फोफावल्या, जर्मनीतील विमा कंपन्यांनी निर्वाणीचा आग्रह धरला, आणि 1998 पासून युरोपीय संघात नव्या प्रवासी मोटारींना इलेक्ट्रॉनिक इमोबिलायझर सक्तीचा झाला. तीच विद्या आपल्याकडील गाड्यांत यथावकाश आली. मारुतीने आपल्या यंत्रणेस ‘आय-कॅट्स’ हे नाव दिले, आणि दाजींनी 2008 साली हौसेने घेतलेल्या स्विफ्टमध्ये जी आहे ती हीच.

तिची रचना समजून घे. किल्लीच्या काळ्या प्लॅस्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी अशी एक चिप असते. तिला बॅटरी नसते. दूरनियंत्रकाची बॅटरी निराळी, आणि ती संपली तरी इंजिन सुरू होण्यास बाध येत नाही. कुलपाच्या तोंडाभोवती तांब्याच्या तारेचे एक वेटोळे बसवलेले असते. किल्ली आत घालून फिरवताच त्या वेटोळ्यातून निघणाऱ्या मंद लहरींवर ही चिप जागी होते आणि आपला गुप्त संकेत उलट पाठवते. तो संकेत गाडीच्या स्मरणात नोंदलेल्या संकेताशी ताडून पाहिला जातो. ताळा जुळला तर इंधन आणि ठिणगी यांस परवानगी मिळते. न जुळला तर इंजिन चालत नाही, किंवा क्षणभर चालून बंद पडते, आणि डॅशबोर्डावरचा सूचक दिवा लुकलुकत राहतो. आपल्या छत्रपतींच्या दफ्तरातील पत्रे तू साताऱ्याच्या संग्रहालयात पाहिली आहेस. मजकूर संपला की तेथेच मोर्तब उठवीत, म्हणजे पुढे कोणा उपटसुंभास एक अक्षरही वाढवता येऊ नये. किल्लीचे दाते म्हणजे पत्राचे हस्ताक्षर समज. ते हुबेहूब वठवणारा मनुष्य मिळेल, पण मोर्तब चिपपाशी आहे.

यावरून चावीवाल्यांच्या विद्येस कमी लेखू नकोस. आपल्या मुलखातील शिकलगार एके काळी शस्त्रांना धार आणि पाणी देत. तलवारी गेल्यावर त्यांच्यातील कित्येक घराण्यांनी कानस तेवढी हाती ठेवली आणि कुलूपकिल्ल्यांवर पोट चालवले. त्यांच्यापैकी एका वृद्ध कारागिराचे काम मी पोवई नाक्यावर उभा राहून पाहिले आहे. कोऱ्या किल्लीचे पाते त्याने दिव्याच्या काजळीवर काळे केले, कुलपात घालून हलक्या हाताने दोन्ही बाजूंस ताण दिला, बाहेर काढून उजेडात तिरपे धरले, आणि जेथे जेथे काजळीत सुईच्या अग्राएवढी चकाकी उठली होती तेथेच कानशीचा एकेक हात दिला. पुन्हा काजळी, पुन्हा ताण, पुन्हा निरीक्षण. कुलूप न उघडता, न फोडता, त्याच्या पोटातील खाचा तो बोटांनी वाचीत होता. असा कारागीर सांगलीत तुला अवश्य मिळेल, आणि गाडीचे दार न मोडता उघडावे, कुलूप फिरेल अशी किल्ली घडावी, एवढ्यापुरता त्याचाच आश्रय घे. काच फोडण्याचा अविचार कोणी सुचवला तर ऐकू नकोस. मात्र त्या किल्लीने इंजिन चालू होणार नाही. तो कारागिराचा दोष नव्हे.

आता प्रथम करावयाची गोष्ट म्हणजे दुसऱ्या किल्लीचा शोध. नव्या गाडीबरोबर सामान्यतः दोन किल्ल्या आणि किल्लीचा क्रमांक कोरलेला एक लहानसा बिल्ला मिळतो. दाजी कागदांच्या बाबतीत अत्यंत शिस्तीचे होते. त्यांनी ती किल्ली वापरात न आणता बिल्ल्यासह जपून ठेवली असणार. 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर चढली तेव्हा गावभागातील तुमच्या घरातून महत्त्वाच्या दस्तऐवजांची ट्रंक त्यांनी मिरजेला तुझ्या आत्याकडे हलवली होती, आणि त्यातील सर्व जिन्नस परत आल्याचे मला आठवत नाही. ती ट्रंक तळापर्यंत पाहा. विम्याची जुनी पाकिटे, सर्व्हिसची पुस्तिका, बँकेच्या लॉकरमधील लखोटे, काही वगळू नकोस. नोंदलेली एक किल्ली जरी हाती असली तरी दुसरी तयार करणे सोपे आणि स्वल्पखर्चाचे होते. एकही नसेल तर संगणकाने नवी नोंद करावी लागते, आणि प्रसंगी इमोबिलायझरचा सबंध संच बदलावा लागतो. सांगलीत कोणी केवळ किल्लीचे कव्हर बदलून घेतले असेल तर जुने कव्हरही शोध. चिप जुन्या कव्हरातच राहून कचऱ्यात जाते आणि मालक नव्या चकचकीत किल्लीला दोष देत बसतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

शोधाअंती काही न मिळाले तर पोलिसांकडे किल्ली गहाळ झाल्याची नोंद कर. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरूनही ती करता येते. या दाखल्याचे महत्त्व दुहेरी आहे. अधिकृत विक्रेता नव्या किल्लीसाठी नोंदणीपुस्तक, ओळखपत्र आणि बहुधा हा दाखला मागतो. आणि उद्या न जाणो गाडीच चोरीस गेली, तर विमा कंपनी सर्व मूळ किल्ल्या हजर करावयास सांगते. एक किल्ली कमी का, या प्रश्नाचे उत्तर दाखल्याच्या रूपाने हाती नसेल तर दाव्याची कैफियत फार लांबते.

येथे मुख्य अडचण येते, आणि तिचा उल्लेख तुझ्या पत्रात नाही. दाजी गेले, तरी गाडीचे नोंदणीपुस्तक अद्याप त्यांच्याच नावे आहे. माझी सारी उमेद महसुलाच्या दफ्तरात गेली. वारसनोंदी वेळेवर न झाल्यामुळे सख्ख्या भावांत वितुष्टे आलेली मी पाहिली आहेत, म्हणून हे कळकळीने लिहितो. मोटार वाहन नियमांप्रमाणे मालकाच्या निधनानंतर तीस दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास खबर द्यावी, आणि तीन महिन्यांत नमुना 31 भरून वारसाच्या नावे हस्तांतर मागावे, असे आहे. विम्याची मूळ अटही बहुधा तीन महिन्यांपुरतीच वारसांस आधार देते. ही मुदत आपण दुःखाच्या भरात कधीच ओलांडली. दंड लागेल तो मुकाट्याने भर. मृत्यूचा दाखला, ताईचे आणि तुझ्या बहिणीचे संमतीचे प्रतिज्ञापत्र, चालू विमा, पीयूसी, असे कागद जमवून सांगलीच्या परिवहन कार्यालयात अर्ज दे. 2023 मध्ये पंधरा वर्षांची मुदत सरल्यावर दाजींनी नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण केले होतेच, त्यामुळे तेवढी कटकट नाही. नाव तुझे झाले की किल्ली मागण्याचा तुझा अधिकार निर्विवाद होईल. तोवर कोणी प्रामाणिक मनुष्याने तुला किल्ली देण्यास हरकत घेतली तर तो दाजींच्या मालमत्तेचे रक्षणच करीत आहे, असे समज.

बायपासला माझा विरोध नेमका याच कारणाने आहे. जो मेकॅनिक तुझ्यापाशी एकही कागद न मागता गाडीची मोर्तब पुसून टाकण्यास सिद्ध होतो, तो उद्या दुसऱ्या कोणासही तेच करून देईल. शिवाय एकदा ती यंत्रणा निकामी झाली की साध्या किल्लीने गाडी कोणीही नेऊ शकेल, तारांचे कच्चे जोड खंबाटकीच्या घाटात ऐन चढणीला दगा देतील, आणि विम्याचा प्रसंग आला तर गाडीत केलेला हा फेरफार तुझ्याच विरुद्ध पुरावा ठरेल. विक्रेत्याखेरीज बाहेरही किल्लीची नोंद रीतसर यंत्राने करून देणारे कुशल लोक आता आहेत, आणि त्यांच्याकडे जाण्यास माझी हरकत नाही. केवळ एक पारख ठेव, की जो आधी नोंदणीपुस्तक आणि ओळखपत्र पाहून खातरजमा करतो त्याच्याच हाती गाडी सोपव.

नोंद होताना समक्ष उभा राहा. किल्ल्या दोन करून घे, एक नव्हे. आणि हरवलेल्या किल्लीचा संकेत स्मरणातून काढून टाकण्यास सांग, म्हणजे ती कोणास सापडली तरी तिने दार उघडेल, पण इंजिन चालणार नाही. पुष्कळ यंत्रणांत नवी नोंद करताना जुन्या सर्व नोंदी पुसल्या जातात, यास्तव मिरजेची किल्ली मिळाली तर तीही त्याच वेळी बरोबर ने.

गाडी हरिपुराहून हलवताना दोरी बांधून ओढू देऊ नकोस. स्टिअरिंगचे कुलूप पडलेले असणार, आणि तुझ्या सवयीप्रमाणे तू ती गिअरमध्ये उभी केली असशील. या गाडीस गती पुढच्या चाकांतून मिळते, म्हणून पुढची चाके उचलून अथवा सबंध गाडी सपाट ट्रकवर चढवून नेणे हेच योग्य. स्टिअरिंग जोराने पिरगाळून कुलूप मोडण्याचा मोह टाळ.

प्रतिज्ञापत्राचा मसुदा मी येथे तयार करून सोबत जोडला आहे. नावे आणि चासी क्रमांक तेवढे तू भर. ताईस सह्यांसाठी कचेरीत दोनदा खेटे घालावे लागू नयेत म्हणून येत्या सोमवारी मी स्वतः सकाळच्या एस.टी.ने निघून पेठ नाक्यामार्गे दुपारपर्यंत सांगलीस पोचतो. तोवर ट्रंक पाहून ठेव, आणि त्या मेकॅनिकला नम्रपणे नकार कळव.

ताईस नमस्कार, लहानग्यांस आशीर्वाद. कळावे.

तुझा
मामा