बिघाड वेगळा, ओढताना झालेलं नुकसान वेगळं

विमा कंपनीचं पहिलं पत्र दोन ओळींचं होतं. गाडीचा गिअरबॉक्स यांत्रिक बिघाडामुळे निकामी झाला आहे; यांत्रिक बिघाड पॉलिसीत बसत नाही, सबब दावा अमान्य. यातला नियम खरा होता. खासगी गाडीच्या पॉलिसीत यांत्रिक किंवा विजेचा बिघाड, झीज, घसारा यांचे पैसे मिळत नाहीत, हे कुठल्याही पॉलिसीच्या बारीक अक्षरांत छापलेलं असतं. खोटं होतं ते कारण. माझा गिअरबॉक्स बिघडला नव्हता, तो खंबाटकी ते सातारा या रस्त्यावर क्रेनने ओढून जाळला होता.

पुण्याहून कोल्हापूरला येताना खंबाटकी घाटाच्या चढावर पाण्याचा पाइप फुटला, इंजिन तापलं, गाडी कडेला घेऊन बंद केली. इथवर कुणाचाच दोष नाही. पॉलिसीसोबत रोडसाइड असिस्टन्सचे पैसे भरलेले होते, म्हणून तिथे फोन लावला. गाडी ऑटोमॅटिक आहे, सीव्हीटी आहे, फ्लॅटबेडच, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणारा ट्रकच पाठवा, असं बजावून सांगितलं. पलीकडून "हो मॅडम" आलं आणि घाटात आली ती मात्र आकड्याची क्रेन. गाडीचं तोंड कठड्याला लागलेलं, क्रेनवाल्याला मागूनच पोचता येत होतं, म्हणून त्याने मागची चाकं उचलली. माझी गाडी पुढच्या चाकांवर चालणारी. मी हरकत घेतली तर म्हणाला, "ताई, न्यूट्रलला टाकलीय, काय होत नाय. रोजच्याच ओढतो आम्ही." पाऊस चालू होता, मागे ट्रकवाले हॉर्न वाजवत होते आणि गस्तीच्या गाडीवरचे लोक आधी लेन मोकळी करा म्हणून मागे लागले होते. साताऱ्याच्या वर्कशॉपमध्ये गाडी उतरवली तेव्हा बॉनेटच्या खालून जळक्या तेलाचा वास येत होता आणि मागचा बंपर एका बाजूने निखळला होता.

न्यूट्रलला टाकली की काम झालं, हा समज साध्या गिअरच्या गाडीपुरता बऱ्यापैकी चालून जातो. ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्सचं तेल फिरवणारा पंप साधारणपणे इंजिनाच्या जोरावर चालतो. इंजिन बंद तर पंपही बंद. पण जी चाकं गाडी चालवतात तीच रस्त्यावर फिरत राहिली, तर त्यांना जोडलेले आतले भाग तेलाशिवाय फिरतात, तापतात आणि खातात एकमेकांना. चारही चाकांवर चालणारी गाडी असेल तर पुढून उचला नाहीतर मागून, एक जोडी रस्त्यावर राहणारच, तिला फ्लॅटबेडच लागतो. विजेच्या गाडीत मोटर थेट चाकांशी जोडलेली असते, चाकं फिरली की ती वीज तयार करू लागते, त्यामुळे बहुतेक कंपन्या तिला चाकांवर ओढायला साफ मनाई करतात. शिवाय हल्ली हँडब्रेकही बटणाचा. बॅटरी उतरलेली असेल तर तो सुटत नाही आणि क्रेनवाला घाईत असेल तर टायर घासत नेतो. हे सगळं गाडीच्या पुस्तिकेत असतं, पण क्रेनवाल्याने ती पुस्तिका पाहिलेली नसते. त्याचा धंदा खेपांवर चालतो.

मी बँकेत नोकरी करते, कागदाशिवाय आमचं पान हलत नाही. क्रेनच्या केबिनमध्ये बसण्यापूर्वी मोबाइलमध्ये फोटो घेतले होते: उचललेली मागची चाकं, रस्त्यावर टेकलेली पुढची चाकं, क्रेनचा नंबर, मीटरवरचे किलोमीटर. पुढे या प्रकरणात जे काही मिळालं ते या फोटोंमुळे. वर्कशॉपमध्ये पोचल्यावर क्रेनवाल्याने पावती पुढे केली, "गाडी सुस्थितीत मिळाली" असं तिच्यावर आधीच छापलेलं. सही करायच्या आधी त्याच पावतीवर हाताने लिहिलं: पुढची चाकं रस्त्यावर ठेवून आणली, मागचा बंपर तुटला. त्याला ते आवडलं नाही, पण त्याला पुढच्या खेपेची घाई होती.

खरी गफलत होते ती यानंतर, वर्कशॉपच्या काउंटरवर. तिथला मुलगा जॉब कार्डवर सवयीने लिहितो, "गाडी बंद पडली, गिअर पडत नाही." झालं! दोन वेगळ्या घटना एका ओळीत अडकल्या, आणि विमा कंपनीला तेवढंच हवं असतं. त्याला थांबवून दोन ओळी लिहून घ्या: गाडी कशाने थांबली ती एक, आणि कशी ओढून आणली ती दुसरी. गाडी उघडण्याआधी संगणकाला जोडून त्यातले कोड छापून घ्या. आणि काहीही झालं तरी विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत गिअरबॉक्स खोलू देऊ नका. "मॅडम, खोलल्याशिवाय एस्टिमेट कसं देणार?" असं म्हणतील. म्हणू देत. आधी खोललेल्या गिअरबॉक्सबद्दल सर्व्हेअर काहीच सांगू शकत नाही आणि मग तो स्वतःच्या सोयीचं लिहितो. त्याच्या उपस्थितीत खोलायचा, असं ईमेलवर ठरवून घ्या.

दाव्याच्या अर्जात "अपघात कसा झाला" असा रकाना असतो. पहिल्यांदा तो वर्कशॉपने माझ्या वतीने भरला होता आणि त्यावरूनच ते दोन ओळींचं पत्र आलं. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मी नव्याने जे लिहिलं ते असं: पाण्याचा पाइप फुटून गाडी थांबली, त्या दुरुस्तीचा खर्च मी मागत नाही. त्यानंतर क्रेनने पुढची चाकं फिरती ठेवून गाडी ओढली, त्यामुळे गिअरबॉक्स आणि बंपर यांचं जे नुकसान झालं, तेवढ्याचाच हा दावा आहे. पॉलिसीत ज्या कारणांची भरपाई लिहिलेली असते त्यात बाहेरून झालेला अपघात आहे, तसंच रस्त्याने, रेल्वेने वाहून नेताना झालेलं नुकसानही आहे. त्या दोन्ही कलमांवर बोट ठेवलं. क्रेन त्यांच्याच असिस्टन्स सेवेने पाठवली होती, हेही लिहिलं.

त्यावर त्यांनी दुसरं कलम काढलं: बिघाड झाल्यावर दुरुस्तीआधी गाडी चालवली तर वाढीव नुकसान मालकाच्या माथी. कलम आहे, नाही असं नाही. पण ते गाडी चालवण्याबद्दल आहे. त्याच कलमात गाडी वाऱ्यावर सोडू नका, आणखी नुकसान होऊ देऊ नका, असंही म्हटलंय. बंद गाडी मदत मागवून हलवणं म्हणजे ती चालवणं नव्हे. दुसऱ्या पत्रात एवढंच लिहिलं, सोबत फोटो आणि पावती पुन्हा जोडली. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागितली. ती मागण्याचा हक्क आपल्याला आहे. अहवालात "तेलाअभावी घर्षण" असे शब्द होते, झिजेचा उल्लेख नव्हता. दावा पुन्हा उघडला गेला.

पैसे मिळाले, पण पूर्ण नाहीत. गाडीला तीन वर्षं होऊन गेलेली, घसारा माफ करणारं झिरो डेप कव्हर घेतलेलं नव्हतं. तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर २५ टक्के घसारा कापतात, प्लॅस्टिकवर ५० टक्के, म्हणजे बंपर अर्ध्यावर आला. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची १००० रुपयांची वजावट वेगळी. आणि ३५ टक्के नो क्लेम बोनस गेला. म्हणून नुसता बंपर तुटला असेल तर आधी हिशेब मांडा, पुष्कळदा दावा न करणंच स्वस्त पडतं. गिअरबॉक्सचं बिल दीड लाखाच्या पुढे असेल तर प्रश्नच नाही.

उरलेले पैसे कुणाकडे मागायचे? ज्याने नुकसान केलं त्याच्याकडे. आपली वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात दिली की शहाण्या माणसाने स्वतःच्या वस्तूची घ्यावी तेवढी काळजी त्याने घ्यायची, असं १८७२ च्या करार कायद्याचं कलम १५१ सांगतं. क्रेनवाला आणि त्याला पाठवणारी कंपनी, दोघांनाही मी त्या कलमाची नोटीस दिली. उत्तरादाखल "सद्भावना म्हणून" एक किरकोळ रक्कम आणि पूर्ण व अंतिम समझोत्याचा कागद आला. असल्या कागदावर सही करू नका. विमा कंपनीने तुम्हाला पैसे दिले की क्रेनवाल्याकडून ते वसूल करण्याचा हक्क तिच्याकडे जातो. तुम्ही परस्पर त्याला मोकळं केलंत, तर विमा कंपनी तुमचेच पैसे अडवायला मोकळी.

विमा कंपनीने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा पटण्यासारखं दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत मात्र जायला हवं. लोकपाल क्रेनवाल्याविरुद्धची तक्रार ऐकत नाही, त्याच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग, तिथे मुदत दोन वर्षांची. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, साताऱ्याला खेटे घालावे लागत नाहीत. माझी तक्रार कोल्हापुरात दाखल आहे. घसाऱ्यात कापलेले पैसे आणि गाडी नसताना भाड्याच्या गाडीला मोजलेले पैसे तीत मागितले आहेत.

तुमची गाडी ऑटोमॅटिक, चारही चाकांवर चालणारी किंवा विजेची असेल तर पुस्तिकेतल्या टोइंगच्या पानाचा फोटो आजच काढून ठेवा. असिस्टन्सला फोन केल्यावर तो त्यांना पाठवा आणि "फ्लॅटबेड पाठवत आहोत" असं मेसेजवर लिहून मागा. आकड्याची क्रेन आली तर परत पाठवा. गस्तवाले लेन मोकळी करायला सांगत असतील तर गाडी पुढच्या सुरक्षित जागेपर्यंतच हलवू द्या, वर्कशॉपपर्यंत नाही.