सीडी प्लेअर थेट ॲम्प्लिफायरला जोडताना

कोल्हापुरात साऊंड सर्व्हिस आणि दुरुस्तीचा धंदा करणाऱ्या आपल्या बांधवांना गिऱ्हाईक विचारते, "प्रीॲम्प घ्यायलाच हवा का?" आम्ही म्हणतो, आधी आकडे पाहावेत.

रेकॉर्ड प्लेअरच्या सुईतून सुमारे ५ मिलिव्होल्ट मिळतात. तिथे प्रीॲम्पशिवाय चालत नाही. १९८२ साली बाजारात आलेला सीडी प्लेअर मात्र २ व्होल्टपर्यंत देतो. पॉवर ॲम्प्लिफायरला पूर्ण ताकदीसाठी बहुधा १ ते १.५ व्होल्ट पुरतात. म्हणजे आवाज वाढवायचा नसून आवरायचा आहे.

म्हणून मध्ये १० किलो-ओहमचा दुहेरी लॉग व्हॉल्यूम कंट्रोल बसवावा. प्रत्येक चॅनेलला एका टोकावर प्लेअर, दुसऱ्यावर अर्थ, मधल्या पायातून ॲम्प्लिफायर. पुढची शील्डेड वायर आखूड ठेवावी. फार लांब वायरीत वरचे स्वर दबतात. कंट्रोल न लावता जोडले तर पूर्ण आवाज एकदम जाऊन स्पीकर जळू शकतो. सुरू करताना ॲम्प्लिफायर शेवटी, बंद करताना प्रथम.

माईक किंवा रेकॉर्ड लावणाऱ्याला प्रीॲम्प लागतोच. ज्याला नको, त्याच्या गळ्यात तो मारू नये. बरकत हलाल रोजीत आहे, आणि खरे सांगणाऱ्या दुकानाची पायरी गिऱ्हाईक पुन्हा चढते.