गोबरगॅस केवढा बांधावा? चूल, बंब आणि शेण यांचा हिशेब



ऊसनोंदीसाठी शिवारात फिरताना एक प्रश्न हमखास कानावर येतो : “साहेब, गोबरगॅस बांधतोय. दोनचा बांधू का चारचा?” घरात चूल असतेच, अंगणात बंबही असतो. म्हणून कोणते काम कोणाकडे द्यायचे हे आधी ठरवावे. आकार त्यानंतर.

शेणाचा हिशेब : रोज एक घनमीटर गॅस मिळण्यास सुमारे २५ किलो ताजे शेण व तेवढेच पाणी लागते. गोठ्यात बांधलेले मोठे जनावर दिवसाला सरासरी १० किलो शेण देते, म्हैस थोडे जास्त. म्हणजे २ घनमीटरच्या प्लँटला ५० किलो शेण, चार-पाच जनावरे हवीत.

गरजेचा हिशेब : स्वयंपाकाला माणशी रोज पाव घनमीटरच्या आसपास गॅस लागतो. सहा माणसांना दीड घनमीटर. चहापाणी, आलागेला धरून २ घनमीटर पुरे.

आता अंघोळीचे पाणी. माणशी १५ लिटर धरले तर सहा जणांचे ९० लिटर. ते २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला ९० × २५ = २,२५० किलोकॅलरी उष्णता लागते. एक घनमीटर गॅसमध्ये ४,७०० च्या आसपास उष्णता असते, पण त्यातली निम्मीच पाण्याला लागते. म्हणजे नुसत्या अंघोळीला जवळजवळ एक घनमीटर गॅस! त्यासाठी ३ घनमीटरचा प्लँट आणि रोज ७५ किलो शेण पाहिजे. शिवाय थंडीत शेण कुजण्याचे काम मंदावते, गॅस घटतो, आणि गरम पाणी नेमके तेव्हाच जास्त लागते.

माझीच चूक सांगतो. आमच्या घरी मी ४ घनमीटरचा प्लँट बांधला. दावणीला जनावरे मोजली दहा. पण त्यांतली दोन वासरे, आणि बैल दिवसभर रानात. त्यांचे शेण वाटेवरच पडायचे. घमेली मोजली तेव्हा रोजचे शेण भरले जेमतेम ५५ किलो. सकाळी अंघोळीतच गॅस संपायचा आणि भाकरीच्या वेळी आई पुन्हा चुलीपुढे, डोळे चोळत. ज्या धुरासाठी एवढा खर्च केला तो धूर काही सुटला नाही. शेवटी अंघोळीचे पाणी बंबावर घेतले. त्या दिवसापासून तोच गॅस दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला पुरू लागला.

तेव्हा एवढे करावे :

१) बांधण्याआधी आठ दिवस गोठ्यातले शेण वजन करून लिहून ठेवावे. जनावरे मोजू नयेत, शेण मोजावे.

२) किलोला २५ ने भागावे. येईल तेवढेच घनमीटर. खड्डा मोठा केला म्हणून गॅस वाढत नाही.

३) गॅस रोजच्या स्वयंपाकाला ठेवावा. अंघोळ बंबावर, लग्नकार्य, जत्रा चुलीवर.

४) बंबाला तुरकाट्या, बाभळीच्या फांद्या वापराव्यात. पाचट जाळू नये, ते उसाच्या सरीतच राहू द्यावे. प्लँटमधून निघणारी रबडीही उसालाच द्यावी.

कारखान्याचा बॉयलरसुद्धा रोजच्या गाळपाला किती वाफ लागते ते पाहून बसवतात. घरचा हिशेब वेगळा नाही. आठ दिवसांच्या वजनाचा कागद घेऊन गट ऑफिसात या, आकार आपण मिळून ठरवू.

— ऊस विकास अधिकारी